पाहुणा शून्य

४ फेब्रुवारी

ह्यांच्या खोलीतला डबा आज चालू केला. हे गेल्यापासून सहा महिने मी त्याच्यावरची धूळ पुसत होते, पण बटण दाबलं नव्हतं. डबा म्हणजे टीव्हीला जोडलेलं खेळाचं यंत्र. लेकीने स्वतःला नवं घेतलं तेव्हा जुनं ह्यांच्या गळ्यात मारलं. निवृत्त माणूस नुसता खिडकीत बसून राहील म्हणून. मला वाटलं होतं, आठ दिवसांत माळ्यावर जाईल. कसलं काय. शेवटची दोन वर्षं हे रोज सकाळी दहा ते बारा त्याच्यासमोर. काचेवर ऊन येतं म्हणून पडदा ओढून.

मी चहा घेऊन दाराशी गेले की तोंडावर बोट ठेवायचे. बोलू नकोस. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, टीव्हीतल्या भुताला माझा आवाज जाणारे का?" तर मान हलवून "हो" म्हणाले. मला वाटलं चेष्टा.

आज बटण दाबलं तर ह्यांचा खेळ तसाच होता. लोखंडी खोली. बाकावर जाड पोशाखातला एक माणूस बसलेला, पाठ माझ्याकडे. खाली लिहिलेलं, एकेचाळीस तास. तो काही करत नव्हता. फक्त श्वास घेत होता आणि तो ऐकू येत होता, टोपाच्या आतून यावा तसा.

न्हाणीघराचं दार चुकून उघडावं तसं झालं. लगेच बंद केलं.

६ फेब्रुवारी

लेकीला फोनवर सांगितलं. ती ओरडलीच.

"आई, त्या फाइलला हात लावू नकोस हं!"

"का गं? चावते का?"

"बाबांनी सगळ्यात कडक प्रकार निवडलाय. त्यात एकदा मेलं की संपलं. सगळं पुसलं जातं. पुन्हा तिथून सुरू करता येत नाही. ते एकेचाळीस तास फक्त शेवटच्या खेपेचे."

"असलं कोण निवडतं?"

"तुझा नवरा."

मग म्हणाली, तुला बघायचंच असेल तर वेगळा नवा खेळ सुरू कर, त्यांचा माणूस तिथेच बसून राहील.

लेक रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते. पलीकडच्या माणसाचा श्वास ऐकून सांगते, हा जिना चढून आलाय की ह्याच्या छातीत दुखतंय. लहानपणापासून हुकूम सोडायची म्हणून हे तिला साहेब म्हणायचे. मीही म्हणते. बोलता बोलता मला ठसका आला तसा फोन उशीखाली दाबला.

"कुठे गेलीस?"

"दूध उतू गेलं."

खोटं लिहायला ही वही नाही. खोकला तीन-चार महिन्यांचा आहे. साहेबाला कळला तर दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी करेल. ह्यांच्या वेळी आम्ही ज्या दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो त्या बाकावर मला पुन्हा बसायचं नाही. थंडी गेली की जाईल.

९ फेब्रुवारी

नवा खेळ सुरू केला. खेळातली भाषा आपली नाही, पण मी वाचायला शिकले तीच मुळी लग्नानंतर, सामानाच्या पुड्यांचे कागद जोडून जोडून. तेव्हा मांडीवर शब्दकोश घेऊन बसायची मला लाज नाही.

गोष्ट अशी. ताऱ्यांमधून जाणारं एक प्रचंड जहाज आहे. आतली सगळी माणसं मेली, एक उरला. तो कप्तान नाही की सैनिक नाही. जहाजाचे पाइप दुरुस्त करणारा कामगार! म्हणजे ह्यांचाच धंदा. हे चौतीस वर्षं बॉयलरच्या पाइपांना ॲस्बेस्टॉसचं आवरण गुंडाळायचे. आता कळलं ह्यांनी हाच खेळ का धरला.

जहाजावर अजून एक जण फिरतो. उंच, भिंतींच्या आतून चालणारा. डोळे नाहीत, तोंडाच्या जागी नुसत्या भेगा. त्याला दिसत नाही, ऐकू येतं. कपाटात लपायचं, तो जाईपर्यंत थांबायचं, मग पुढच्या खोलीत जाऊन पाइप जोडायचा. हत्यार नाही.

मला पहिल्याच कपाटात खाल्लं. पुन्हा. पुन्हा. रिमोटवर इतकी बटणं, त्यात माझा अंगठा संधिवाताचा. पाचव्यांदा मेले तेव्हा हसू आलं. सहा महिन्यांत एकटीने हसले ते हे पहिल्यांदा.

१२ फेब्रुवारी

टीव्हीखालच्या खणात ह्यांची खिशातली वही सापडली. आत तारखा आणि आकडे.

पाहुणा १४. पाहुणा १४. पाहुणा ११. मग दोन दिवस काही नाही. पाहुणा १२.

म्हणजे त्या बिनडोळ्याला हे पाहुणा म्हणायचे. ह्यांचाच विनोद, न सांगता येतो आणि बसून राहतो. किती वेळा आला ते मोजलंय. पुढे पुढे आकडा उतरत जातो. शेवटचं पान गेल्या वर्षीच्या मार्चमधलं, पाहुणा ०, आणि त्याखाली दोन रेघा.

कौतुक वाटलं. माणूस खेळातसुद्धा कामाच्या शिस्तीने सुधारत गेला.

१४ फेब्रुवारी

मिशाभाऊ आले होते. ह्यांच्यासोबत एकाच पाळीला असायचे. मिशा आता पांढऱ्या आणि विरळ झाल्यात, पण नाव तेच.

"वहिनी, तुम्ही खेळताय?" डब्याकडे बघून म्हणाले. "ह्या वयात?"

"मग काय, कुस्ती खेळू?"

हसता हसता त्यांना खोकला लागला, मग मलाही. दोघंही एकमेकांकडे न बघता खोकत बसलो.

जाताना दाराशी थांबून म्हणाले, "आमची ही गेली, कळलं ना? डिसेंबरात. छातीचंच. हिने तर कारखान्याच्या फाटकात पाऊल टाकलं नव्हतं कधी."

वाईट वाटलं. चांगली बाई होती. आम्ही दोघी शेजारच्या गच्च्यांवर कपडे झटकायचो तेव्हा तिचं हसणं इकडे यायचं. दोघींच्या नवऱ्यांच्या डगल्यांतून पांढरी भुकटी उडायची, बर्फासारखी, उन्हात चमकायची. मी आधी झटकायचे, मग बादलीत घालायचे. पाणी लवकर घाण होत नाही तशाने.

मिशाभाऊ म्हणाले, "तुम्ही दाखवून घ्या एकदा."

म्हटलं, घेते.

१९ फेब्रुवारी

आजच लिहिते.

चार दिवस एक गोष्ट खुपत होती. कपाटात मी अगदी स्थिर बसलेली असले, एकही बटण दाबलेलं नसलं, तरी तो मध्येच वळून सरळ माझ्याकडे यायचा. आज लक्षात आलं. मी खोकले की येतो.

आधी वाटलं मनाचे खेळ. मग मुद्दाम खाकरले. जहाजाच्या दुसऱ्या टोकाहून त्याची पावलं वळली. टाळी वाजवली. जवळ आला. "कोण आहे?" म्हटलं, तर कपाटाचं दार फाटलं.

शब्दकोश घेऊन खेळाच्या सगळ्या पाट्या वाचून काढल्या. एका पाटीवर होतं, मायक्रोफोन, चालू. त्याच्या खाली बारीक अक्षरात, शत्रूला तुमच्या खोलीतले आवाज ऐकू येतील. टीव्हीवर बसवलेला तो काळा चिमटा मी कॅमेरा समजत होते.

म्हणजे "हो" म्हणाले ती चेष्टा नव्हती.

मग वही उघडली. चौदा, अकरा, नऊ, सहा. पाहुणा किती वेळा आला. म्हणजे हे दोन तासांत किती वेळा खोकले.

माणूस खेळत नव्हता. खोकला न येऊ देण्याची तालीम करत होता. दोन भिंती पलीकडे मी भांडी घासत होते.

२० फेब्रुवारी

शून्याची तारीख सहा मार्च. मी ह्या वहीतलं मागचं पान काढलं. सात मार्चला आम्ही साहेबाच्या नव्या घरी जेवायला गेलो होतो. माझ्याच अक्षरात लिहिलंय, ह्यांची तब्येत छान, पोटभर जेवले, साहेब खूश. पाच तास तिच्या समोर बसले आणि एकदाही खोकले नाहीत. फक्त एकदा गाडी नीट लावली आहे का ते बघायला खाली गेले. आमच्याकडे गाडी नाही, शेजाऱ्याची मागून नेली होती, म्हणून मलाही ते पटलं.

जूनमध्ये दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी यायला हवं होतं. साहेब माझ्याकडे बघत राहिली. चोवीस तास घरात होतीस, तुला ऐकू आलं नाही, हे तिच्या डोळ्यांत होतं. ऑगस्टात हे गेले, तरी ते मी अजून अंगावर घेऊन फिरते आहे.

२२ फेब्रुवारी

भांडले. ह्यांची फाइल उघडली आणि त्या पाठीला सगळं बोलले. काय समजलात स्वतःला? मला सांगितलं असतं तर मी काय छपरावर चढून ओरडले असते? सदतीस वर्षं कपडे धुतले, चहा केला, तोंडावर बोट ठेवलंत तर मुकाट्याने फिरले मागे.

तो बसलेला माणूस हलला नाही. ती खोली सुरक्षित असते, तिथे पाहुणा आत येत नाही. पण भिंतीपलीकडे त्याची पावलं आली, आणि मी बोलत होते तोवर दाराबाहेर उभी राहिली.

गप्प झाले. ह्यांचा श्वास, त्याची पावलं आणि मी. असे तिघं बसलो होतो, सकाळचे अकरा वाजलेले, बाहेर भंगारवाला ओरडत होता.

२५ फेब्रुवारी

डबा आता बंद करत नाही. सकाळी उठले की ह्यांची फाइल लावून ठेवते. कामं करताना तो श्वास ऐकू येतो. आत, बाहेर. एकसारखा, कुठेही न अडकता. ह्यांचा शेवटी असा नव्हता.

आज ताटं दोन वाढली. एक परत झाकून ठेवलं.

२ मार्च

साहेबाचा फोन. दहा तारखेपासून दहा दिवस रजा, इथेच राहणार. आनंद झाला. फोन ठेवला, मग खोकल्याची आठवण झाली.

फोन उशीखाली दाबता येतो. लेकीला कशाखाली दाबू?

मग सुचलं. डबा आहे. मायक्रोफोन आहे. आठ दिवस आहेत.

मला ठाऊक आहे हे काय आहे ते. पण ह्यांनी कुणासाठी केलं तेही आता समजतं. ती दिवसभर लोकांचे गुदमरणारे श्वास ऐकते, घरी येऊन आईबापाचेही ऐकायचे का?

३ मार्च

पाहुणा १६.

४ मार्च

पाहुणा १५. जीभ टाळ्याला लावायची, नाकाने अगदी थोडी हवा घ्यायची, घशात खवखव सुरू झाली की गिळायचं. लागोपाठ तीनदा गिळलं की लाट जाते. चौथ्यांदा नाही जात.

६ मार्च

नऊ. झाडू मारला की वाढतो. झाडू आधी, मग तासभर बसून राहायचं, मग खेळ. ह्यांना हे सगळं एकट्याने शोधावं लागलं असेल.

माझा खेळही बराच पुढे गेलाय. बारा खोल्यांचे पाइप जोडले. मी चांगली खेळते, हे कुणाला सांगणार?

८ मार्च

तीन. छाती मात्र दिवसभर दुखते, आतून कुणी मूठ आवळल्यासारखी. रुमालावर गुलाबी डाग होता. हिरड्यांचा असेल.

९ मार्च

शून्य. पूर्ण दोन तास. दोन रेघा ओढायला हात गेला. ओढल्या नाहीत.

१३ मार्च

साहेब येऊन चार दिवस झाले. तिला काही कळलेलं नाही. खोकला आवरलाच नाही तर मी नळ सोडते.

"आई, तुझ्या नळाला काय झालंय? सारखी आंघोळ करतेस की काय?"

"म्हातारं माणूस. घाम येतो."

"मार्चमध्ये?"

"तू इथे हुकूम सोडायला आलीस की झोपायला?"

हसली. बारीक झाली आहे. संध्याकाळी भाजी निवडताना खाली बघूनच म्हणाली, "मी तुझ्यावर रागावले होते, बाबांच्या वेळी. तुला ऐकू कसं आलं नाही म्हणून. पण आई, माझं तर कामच ते आहे. जगातल्या सगळ्यांचा श्वास मला ऐकू येतो. बाबा माझ्यासमोर पाच तास बसले होते. मी वाढत होते, त्यांच्याशी बोलत होते. मला काय झालं होतं?"

ह्यांची आकड्यांची वही माझ्या उशीखाली होती. आणून द्यायला हवी होती. दिली असती तर मायक्रोफोनचं सांगावं लागलं असतं, मग तिने माझ्याकडे नीट बघितलं असतं.

म्हटलं, "तुझी चूक नाही." एवढंच. पुरेसं नव्हतं.

१४ मार्च

आज घडलं ते क्रमाने लिहिते.

सकाळी तिने मला खेळताना बघितलं आणि तोंडाचा आ वासला. "आई! तू तर बाबांपेक्षा भारी आहेस!" मग जरा वेळाने म्हणाली, "त्यांना बाहेर काढशील? शेवटच्या दोनच खोल्या राहिल्यात. मी बघितलंय, तिथून पुढे सुटकेचं यान आहे. मला बाबांना तिथे बसलेलं बघवत नाही."

मलाही बघवत नव्हतं. फाइल उघडली. ती माझ्या शेजारी, पाय वर घेऊन, लहानपणी बसायची तशी. सात महिने बसलेला तो माणूस मी एक बटण दाबताच उठून उभा राहिला. साहेबाने माझा दंड धरला.

पहिली खोली पार केली. पाइप जोडला. दुसऱ्या खोलीत पाहुणा आधीच होता. कपाटात शिरलो, म्हणजे तो माणूस शिरला. फटीतून ते तोंड दिसत होतं, हातभर अंतरावर. यानाचं दार त्याच्या मागे उघडं, आतला दिवा हिरवा.

"हलू नकोस," साहेब माझ्या कानात कुजबुजली. तिला मायक्रोफोन चालू असल्याचं ठाऊक नव्हतं, तरी कुजबुजली. स्वतःच्या तोंडावर दोन्ही हात ठेवून बसली. बापासाठी श्वास रोखून.

मला खवखव सुरू झाली. गिळलं. पुन्हा गिळलं. तिसऱ्यांदा गिळलं आणि लाट खरंच ओसरायला लागली. हे मुद्दाम लिहिते. आवरता आला असता. पाहुणा वळला होता, दोन पावलं गेला होता, अजून तेवढाच वेळ आवरला असता तर हे यानात असते.

मी तिच्याकडे बघितलं. डोळे टीव्हीवर, गाल लाल, हात तोंडावर. तिला मी दिसतच नव्हते. आणि मी असं काही चांगलं लपवलं होतं की पुढच्या वर्षी ही पोर दुसऱ्या कुणाच्या घरी भाजी निवडत, मला काय झालं होतं, असं विचारत बसली असती.

मी खोकले. आवरलेले सगळे चार महिन्यांचे. पोटातून, कमरेत वाकून, रिमोट खाली पडला.

टीव्हीवर काय झालं ते मी बघितलं नाही. आवाज ऐकला. मग पडदा काळा झाला, आणि तो श्वास, जो रोज स्वयंपाकघरात येत होता, तो थांबला.

साहेबाने टीव्हीकडे मानही वळवली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून होती. खोकला थांबल्यावर ज्या आवाजात बोलली तो माझ्या मुलीचा नव्हता, कंट्रोल रूममधला होता. सपाट, हळू.

"कधीपासून?"

"नोव्हेंबर."

"रक्त?"

"एकदा. दोनदा."

"चालताना दम लागतो की बसल्यावरही?"

सगळं सांगितलं. मग उशीखालची वही आणून दिली आणि आकडे कसले ते सांगितलं. तिने पहिल्या पानापासून वाचली. शून्यावर बोट ठेवलं.

"माझ्यासाठी तयारी करत होते," म्हणाली.

"तुझा कान चुकला नाही. त्यांनी दोन वर्षं मेहनत घेतली तुझ्या कानासाठी."

तेव्हा ती रडली. ऑगस्टात रडली नव्हती. मी तिला थोपटत होते आणि मध्ये मध्ये खोकत होते.

"बाबा गेले गं," काळ्या टीव्हीकडे बघून म्हणाली. जणू आजच.

म्हटलं, "हो. गेले."

१५ मार्च

घर फार शांत आहे. श्वासाची सवय झाली होती. सकाळी उठून आधी त्या खोलीत गेले, मग आठवलं.

साहेब फोनवर कुणाकुणाशी बोलते आहे. मिशाभाऊंनाही केला. त्यांच्या बायकोचा कारखान्याशी नवऱ्याचे कपडे धुण्यापलीकडे काहीच संबंध नव्हता ना, असं विचारत होती. मग दाराशी येऊन माझ्याकडे बघत राहिली. "काय?" म्हटलं, तर "काही नाही" म्हणाली. तिला वाटतं, तिच्यासारखं मला ऐकू येत नाही.

१८ मार्च

छातीचा फोटो काढला. त्याच दवाखान्यात, त्याच बाकावर बसून. साहेबाने सगळा वेळ हात धरला होता, सोडवून घ्यायचा प्रयत्न केला तर दटावलं.

आतल्या खोलीत अंधार होता. थंड पत्र्याला छाती टेकवून उभं केलं. काचेआडच्या मुलीने सांगितलं, "मोठा श्वास घ्या, आजी. आता धरून ठेवा."

धरला. यंत्र घरघरलं. माझ्या मागे दिवा लागला, विझला. पत्र्यात माझी धूसर सावली दिसत होती, पाठ वाकलेली. मुलगी काहीतरी म्हणाली. मी हलले नाही. ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. मला ऐकू येत होतं, पण ते माझ्यासाठी आहे असं वाटत नव्हतं.

शेवटी दार उघडलं आणि साहेब आत आली. येऊ देत नाहीत, तरी आली.

"आई. फोटो झाला. श्वास सोड."

सोडला. त्याच्यासोबत खोकला आला, बराच वेळ चालला. दोघी जणी माझ्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, बाहेर पुढचा माणूस ताटकळत होता, आणि ती मुलगी म्हणाली, "सावकाश, आजी. पूर्ण होऊ द्या."